काळ्या रंगाखालचं लाल इंजिन

(बिरवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



टेबलावर ठेवलंय ते बघून मागच्या रांगेतली मुलं मघाशी म्हणाली, "खेळणं आहे." बरोबर आहे, खेळणंच आहे. वीतभर लांबीचं, पत्र्याचं, चावीवर चालणारं इंजिन. पण आज मी याच्याकडे कागदपत्र म्हणून बघणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याकडे रायगड, चवदार तळं, फार तर जुने दस्त. पत्र्याच्या खेळण्यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. तासाभरानं तुम्हीच ठरवा.

आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी असंच एक जुनं इंजिन मला मिळालं. मी उत्साहानं त्याला रंग काढायचं द्रावण लावलं, तारेच्या ब्रशनं घासलं आणि झकास हिरवा रंग दिला. लोक म्हणाले, नव्यासारखं झालं! पुढे ज्यांच्या घरचं ते होतं ते गृहस्थ भेटले. त्यांनी इंजिन उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "इथे खाली आमच्या काकांनी ब्रशनं नाव आणि साल लिहिलं होतं, ते कुठे गेलं?" मी काय सांगणार? ते मी घासून टाकलं होतं, वाचलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून मी कोणत्याही जुन्या वस्तूला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढतो.

आता हे समोरचं इंजिन. महाडच्या बाजारपेठेतल्या एका काकूंचं. जुलै 2021 च्या पुरात त्यांच्या घराचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर महाडात काय परिस्थिती होती ते तुम्हाला मी सांगायला नको. गाद्या, कपाटं, पुस्तकं, सगळं रस्त्यावर. त्या ढिगात एका फुटक्या ट्रंकेत हे सापडलं. आत-बाहेर गाळ. काकूंचे वडील जी.आय.पी. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते, हे इंजिन त्यांचं. काकू म्हणाल्या, "बाळ, चाललं नाही तरी चालेल. पण बाबांचं आहे, एवढं ध्यानात ठेव."

इंजिन मूळचं इथलं नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1901 मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं. पट्ट्या, नट-बोल्ट जोडून यंत्रं बनवायचा तो संच. 1920 पासून त्यांच्या कारखान्यानं चावीच्या आगगाड्या काढल्या. पत्रा कापायचा, त्यावर रंग चढवायचा, आणि भाग एकमेकांत अडकवायला पत्र्याच्याच छोट्या जिभा ठेवायच्या. जीभ खाचेतून घालायची आणि मुरडायची, की झालं घट्ट.

आपल्या इंजिनाचा वरचा रंग काळा. पण पाण्याच्या टाकीच्या कडेला काळा टवका उडालाय, आणि खाली दिसतोय तांबूस लाल. भिंगातून पाहिलं तर त्या लालवर सोनेरी अक्षराचा तुकडा. एल.एम.एस. म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे. ही कंपनी 1923 साली अस्तित्वात आली आणि 1948 च्या आरंभी ब्रिटिश रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणात संपली. म्हणजे हे खेळणं 1923 च्या आधीचं असू शकत नाही. एका टवक्यानं आपल्याला एक तारीख दिली.

आता वरचा काळा थर. तो कारखान्याचा नाही, हातानं दिलेला आहे. ब्रशचे केस उमटलेत. त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं आहेत, जी.आय.पी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती याच कंपनीची. 5 नोव्हेंबर 1951 ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे हा रंग बहुधा 1951 च्या आधीचा. 'बहुधा' म्हणतो, कारण आयुष्यभर जी.आय.पी. म्हणणारा माणूस नंतरही तेच लिहील. आमच्याकडे अजून कित्येक जण सी.एस.एम.टी.ला व्ही.टी. म्हणतात की नाही?

पण या माणसानं नुसता रंग नाही दिला. पुढे बघा. रुळावरची गुरं बाजूला सारणारी जाळी, काऊकॅचर. ती डब्याच्या पत्र्याची आहे, कात्रीनं कापून डाख दिलेली. मागच्या बाजूला डब्यावरची छपाई अजून दिसते. आणि वर दिवा, म्हणजे टॉर्चच्या बल्बची पितळी टोपी. विलायतेतल्या गाड्यांना काऊकॅचर नसे, कारण तिथे रुळांना दोन्हीकडून कुंपण. आपल्याकडे गुरं मोकळी. दिवसभर परळला खरी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसानं घरी येऊन विलायती खेळण्याला हिंदुस्थानी केलं.

तरी मापानं ते विलायतीच राहिलं. या मॉडेलच्या दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. विलायतेतल्या रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, म्हणजे हे जवळपास पंचेचाळीस पटींनी लहान. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. ते याच 32 मध्ये बसवायचं तर बावन्न पटींनी लहान करावं लागेल, सगळं इंजिनच बारीक होईल. फिटरला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याला मापात रस नव्हता. त्याला आपलं इंजिन घरी दाखवायचं होतं.

आणि आता या भागातल्या लोकांसाठी खरी गोष्ट. हे इंजिन घरी आलं तेव्हा महाड-पोलादपुरात रेल्वे होती का? नव्हती. मुंबईहून माणूस किनाऱ्याच्या बोटीनं बाणकोटला यायचा, तिथून सावित्रीच्या खाडीनं दासगाव. म्हणजे आपल्याकडे पहिली आगगाडी आली ती आगबोटीतून, ट्रंकेत बसून! आपल्याच जिल्ह्यात उत्तरेला कर्जत-नेरळला जी.आय.पी. होती, 1907 पासून माथेरानची छोटी गाडी होती. पण इथे दक्षिणेत रूळ रोह्यापर्यंत यायला 1986 उजाडलं. रोहा ते वीर 1993. संपूर्ण कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998. आणि ती आली ती डिझेलवर. देशात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी डिसेंबर 1995 मध्ये थांबली. म्हणजे वीरच्या, करंजाडीच्या फलाटावर वाफेच्या गाड्यांचा जमाना कधी आलाच नाही. इथल्या घरातल्या मुलाला वाफेचं इंजिन कळलं ते बापाच्या बोलण्यातून आणि अशा एखाद्या खेळण्यातून. दुसरा पुरावाच नाही. म्हणून याचा काळा रंग महत्त्वाचा.

कारण मधल्या काळात एक संग्राहक हे बघून गेले. जाणकार माणूस. म्हणाले, "काळा रंग काढा, खालचं लाल वर आणा, तो पत्रा उचकटा. मूळ रूपात आलं की चांगली किंमत देतो." त्यांचं शास्त्र चूक नाही. बाजारात कारखान्याच्या रंगाला मोल असतं. पण मूळ म्हणजे कुठलं? लिव्हरपूलचं की महाडचं? लाल इंजिनं जगात पुष्कळ शिल्लक आहेत. डब्याच्या पत्र्याचा काऊकॅचर लावलेलं काळं इंजिन हे एकच. मी काकूंना दोन्ही बाजू सांगितल्या. पैशांची गरज त्यांना होती. पुरानंतर कुणाला नव्हती? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी पाहिलंय ते काळंच. लाल कुणाचं होतं मला काय ठाऊक!" विषय संपला.

मग काम काय केलं ते थोडक्यात, कारण तुमच्यापैकी काहींच्या माळ्यावर अशा वस्तू असतील.

पहिली गोष्ट, चावी फिरवली नाही. जुनी स्प्रिंग ताणलेली असू शकते. गाळात गंजलेली असेल तर तुटते आणि बोटं कापते. दुसरी, जिभा कमीत कमी उघडल्या. ऐंशी-नव्वद वर्षांचा पत्रा दोन-तीनदा वाकवला की तुटतो. मोटर बाहेर काढून रॉकेलमध्ये बुडवली, गाळ आणि गोंदासारखं झालेलं जुनं तेल सुटलं. मग दातेरी चाकांच्या आसांना शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकानं एकेक थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

रंगाला पॉलिश पेपर लावला नाही. एक तर रंग जाईल, आणि जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, ती धूळ छातीत जाते. कापसाचा बोळा, सौम्य साबणाचं पाणी, आधी तळाला न दिसणाऱ्या जागी करून बघायचं, लगेच कोरडं करायचं. अक्षरांवर तेही नाही, फक्त मऊ ब्रश.

एक मागचं चाक तडकलं होतं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव चाक. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. याला औषध नाही. नवं चाक बसवलं, जुनं डबीत ठेवलं, चिठ्ठी लिहून. नवं कुठलं, जुनं कुठलं, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. आपण केलेली दुरुस्ती लपवायची नाही.

राहिला गाळ. तोही इतिहासच ना? पण गाळ ओल धरतो, आणि आपल्या पावसाळ्यात ओल म्हणजे गंज. म्हणून काढला. चिमूटभर मात्र एका बाटलीत ठेवलाय, वर 'जुलै 2021' लिहून. काकूंना ती बाटली घरात नको होती, म्हणून माझ्याकडे आहे.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, 1998 सालीच सुरू झालेलं. तिथे सिग्नल पडतात, गाड्या धावतात, मुलांना जरूर न्या. पण सगळाच इतिहास संग्रहालयात जाणार नाही. तो इथल्या माळ्यांवर, ट्रंकांत पडलाय. तिकिटांचे तुकडे, वर्कशॉपचे पितळी बिल्ले, असली इंजिनं. पुढच्या पुरात ते जाण्याआधी एवढंच करा. वस्तू उंचावर ठेवा, फोटो काढा, आणि ती कुणाची, कुठून आली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. वस्तू साफ करणं नंतरही होईल. सांगणारं माणूस थांबत नाही.

आता चावी देतो. काकू समोरच बसल्यात, त्यांनीही अजून हे चालताना पाहिलेलं नाही. मुलांनो, पुढे या. हात लावू नका, नुसतं ऐका.