२६ मार्च : प्रथिनांच्या घडीचा नियम उलगडणारे ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांचा जन्म (१९१६)

अमिनो आम्लांच्या लांब साखळीपासून बनलेले प्रथिन पेशीत विशिष्ट त्रिमितीय आकारात दुमडते आणि बहुतेक प्रथिनांचे कार्य या आकारावरच अवलंबून असते. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ अॅन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, घडी युरियाच्या द्रावणात मोडली आणि त्यातील गंधकाचे चार बंधही दुसऱ्या रसायनाने तोडले; मात्र ती रसायने काढून टाकून द्रावण हवेत ठेवल्यावर साखळी आपोआप दुमडली, बंधांच्या शक्य असलेल्या १०५ जुळण्यांपैकी नेमकी मूळचीच जुळणी साधली गेली आणि विकर पुन्हा कार्यक्षम झाले. घडीचा आराखडा अमिनो आम्लांच्या क्रमातच सामावलेला असतो, हे त्यातून सिद्ध झाले व १९७२च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. ही घडी कोणत्या टप्प्यांनी पडते, याचा शोध डॉ. जयंत उदगावकर यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात बारस्टार या ८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनावर घेतला; २००० सालच्या भटनागर पुरस्काराने सन्मानित झालेल्या उदगावकरांनी पुढे पुण्याच्या ‘आयसर’चे, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचे, संचालकपद भूषविले. चुकीच्या घडीचा संबंध अल्झायमरसारख्या आजारांशी असल्याने हे संशोधन वैद्यकालाही मोलाचे आहे.