उपासाला चालते

‘उपवास’ या संस्कृत शब्दाचा व्युत्पत्तीनुसार अर्थ जवळ राहणे, म्हणजे देवाच्या सान्निध्यात दिवस घालवणे, असा आहे. त्याचेच बोलीतील ‘उपास’ हे रूप कानी पडले की मराठी माणसाच्या मनात मात्र प्रथम साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस यांचे ताट उभे राहते. या खाण्याला मिळालेले ‘फराळ’ हे नाव ‘फलाहार’ या शब्दापासून आले असले, तरी त्या ताटात फळ बहुधा कडेला आणि तेही थोडेसेच असते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीने या विसंगतीवर फार पूर्वीच बोट ठेवले आहे, आणि तिच्या आधारे फराळाचा हा थाट म्हणजे मूळ कडक व्रताला लागलेली उतरती कळा होय, असे अनेकदा समजले जाते. व्रतविषयक ग्रंथ आणि स्वयंपाकघरात शिरलेल्या पिकांचा प्रवास एकत्र पाहिला, तर हा समज टिकत नाही. कारण मराठी घराच्या खाण्याशी असलेल्या नात्यात जो मोकळेपणा दिसतो, त्याची सोय नियमातच केलेली होती.

व्रतांचे मोठे संकलन महाराष्ट्रात झाले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथातील व्रतखंडात. आणि पुढे १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी रचलेला ‘धर्मसिंधु’ हा मराठी घरांत तिथी, व्रते आणि त्यांचे विधिनिषेध ठरवण्यासाठी सर्वाधिक उघडला जाणारा निबंधग्रंथ, म्हणजे विखुरलेल्या धर्मवचनांचा निर्णयासह केलेला संग्रह, ठरला. धर्मशास्त्राने व्रतातील आहाराच्या पायऱ्याच ठरवल्या होत्या: दिवसातून एकदाच जेवणे म्हणजे एकभुक्त, दिवस उलटल्यावर रात्रीच जेवणे म्हणजे नक्त, न मागता मिळेल तेवढेच घेणे म्हणजे अयाचित, आणि काहीही न घेणे म्हणजे पूर्ण उपवास. एकादशीचे बंधन आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशी पूर्ण न झालेल्या माणसापुरते मर्यादित होते, आणि पाणी, मुळे, फळे, दूध, हवनाचे अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा व औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे वचन निबंधकार उद्धृत करीत आले. एकादशीला पाप धान्यात वस्तीला येते या पौराणिक कल्पनेमुळे धान्य वर्ज्य झाले; मुळे आणि फळे मात्र मोकळी राहिली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘मूळ’ आणि ‘फळ’ हे वर्ग आहेत, पदार्थांची बंद यादी नव्हे. आणि वर्ग उघडा असला की त्यात नवा पाहुणा बसू शकतो.

असे पाहुणे सोळाव्या शतकापासून समुद्रमार्गे आले. पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे अमेरिका खंडातील पिके गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली, आणि त्यांपैकी निदान एकाने आपले पोर्तुगीज नाव मराठीत जसेच्या तसे ठेवले, ते म्हणजे बटाटा. रताळे, भुईमूग आणि मिरची हीही मूळची अमेरिकेची. कंद म्हणून बटाट्याला व रताळ्याला ‘मूळ’ या वर्गात जागा मिळणे स्वाभाविक होते. भुईमुगाची गोष्ट अधिक मौजेची आहे, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते कडधान्यांच्याच कुळातले पीक आहे, त्याच्या मराठी नावात चक्क ‘मूग’ आहे, आणि मूग उपासाला वर्ज्य आहे. शेंग जमिनीखाली धरते एवढ्यावरच त्याची कंदमुळांत गणना झाली असावी. राजगिऱ्याचा प्रवास तर याहून विलक्षण आहे. भारतात पालेभाजीचे माठ जुनेच आहेत, पण ज्यांचे बी धान्यासारखे खाल्ले जाते त्या राजगिऱ्याच्या जाती वनस्पतिशास्त्रज्ञ मेक्सिको व दक्षिण अमेरिकेच्या मानतात. मेक्सिकोतील अ‍ॅझटेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवून नंतर त्या प्रसादासारख्या वाटून खात, आणि स्पॅनिश विजेत्यांना हा विधी ख्रिस्ती संस्काराची विटंबना वाटल्याने त्यांनी तो दडपला. स्वतःच्या देशात देवाला पारखे झालेले हे बी महाराष्ट्रात गुळाच्या पाकात लाडू होऊन एकादशीच्या ताटात येऊन बसले.

साबुदाणा या सर्वांत उशिरा आलेला आणि सर्वांत वर चढलेला. ‘सागू’ हा मूळचा मलय शब्द. आग्नेय आशियातील सागू ताडाच्या खोडातील गाभ्यापासून काढलेल्या सत्त्वाचे दाणे मलायाच्या बंदरांतून भारतात येत, आणि त्यांची खीर किंवा पेज हे प्रामुख्याने आजाऱ्याचे पथ्य मानले जाई. आज बाजारात मिळणारा दाणा ताडाचा नसून टॅपिओकाच्या कंदाचा आहे. टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच. त्याच्या लागवडीला त्रावणकोरात विशाखम् तिरुनाळ महाराजांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत विशेष उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर आयात तुटली, आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद धुऊन, सोलून व किसून त्याचे दूध काढायचे, ते निवळू द्यायचे, तळाशी बसलेले ओलसर सत्त्व कापडाच्या झोळीत हेलकावून त्याचे दाणे वळायचे, ते तापल्या तव्यावर भाजून उन्हात वाळवायचे, अशी ही कृती आहे. ज्या तमिळ मुलखात हा दाणा होतो तेथे त्याला जव्वरिसी म्हणतात आणि त्याची पायसम व वाळवणे करतात. त्याला एकादशीचा मान मिळाला तो महाराष्ट्रासारख्या दूरच्या प्रांतांत. याचा अर्थ, आज जी खिचडी परंपरेचे प्रतीक मानली जाते तिचा हा स्वस्त, घरोघरी परवडणारा अवतार स्वातंत्र्यापेक्षा फार जुना नाही.

या प्रत्येक प्रवेशाचा निर्णय कोणी दिला, असा प्रश्न केला तर कोणत्याही शास्त्रीबुवांचे नाव सांगता येत नाही. निर्णय स्वयंपाकघरात झाले आणि ते ‘चालते’ या एका क्रियापदाने नोंदवले गेले. ‘उपासाला चालते’ यात आज्ञेचा कठोरपणा नाही, आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ यात दुसऱ्याच्या ताटावर टीकाही नाही. जिरे बहुतेक घरांत चालते. कोथिंबीर काही घरांत चालते, काही घरांत नाही. हळद, हिंग आणि मोहरी सहसा वगळतात. भेंडीवर गावोगावी मतभेद आहेत. हा मतभेद सासर-माहेरच्या चालींबरोबर फिरत राहिला आणि त्याचा निकाल लावण्याची निकड कोणाला भासली नाही, ही गोष्ट धर्मनियमांच्या इतिहासात काही लहान नव्हे. वगळलेल्या जिनसांनी चवीला नवे वळणही दिले. फोडणीचा निम्मा डबा बंद झाल्यावर तूप, जिरे, हिरवी मिरची, दाण्याचे कूट, ओले खोबरे आणि आमसूल एवढ्यावरच एक स्वतंत्र पाकशैली उभी राहिली, आणि उपास नसतानाही केवळ आवडीने घरोघर खिचडी होऊ लागली.

या शैलीत दूधतुपाचा हात सढळ असतो. परंतु केवळ वनस्पतींवर उभा असलेला एक पदार्थ भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी, होतो. सप्तर्षी आणि अरुंधती यांचे हे व्रत स्त्रिया करतात, आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे, म्हणजे नांगरलेल्या शेतातले, काही खायचे नाही असा दंडक आहे. परसात, कुंपणावर, पाणथळीत आलेले अळू, सुरण, पडवळ, शिराळे, माठ, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसे हे सारे एकाच भांड्यात चिंच, मिरची व ओल्या खोबऱ्यासह शिजते, आणि अनेक घरांत त्याला फोडणीसुद्धा नसते. व्रताचा ग्रंथोक्त हेतू रजस्वला अवस्थेतील स्पर्शदोषाचे प्रायश्चित्त हा असून तो आजच्या वाचकाला मान्य होण्यासारखा नाही. भाजीने मात्र त्या हेतूला मागे टाकले. ऋषींच्या वनातील आहाराची आठवण म्हणून शिजणाऱ्या या भांड्यात मका, भोपळा व मिरची अमेरिकेची आणि भेंडी आफ्रिकेची आहे, याचे कोणाला कधी वैषम्य वाटलेले नाही.

चातुर्मासातही हीच रीत आढळते. कांदा, लसूण आणि वांगे चार महिने सोडायचे, पण सोडण्यापूर्वी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भजी आणि थालीपिठे मनसोक्त खायची, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांग्याला पुन्हा घरात घ्यायचे. निषेधाच्या दोन्ही टोकांना सण बांधलेला असल्यामुळे सोडलेल्या पदार्थाबद्दल अपराधी भावना बाळगण्याचे कारण उरत नसे.

हा मोकळेपणा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. उच्चवर्णीय घरांतील विधवेला एकवेळचे जेवण आणि लागोपाठचे उपास लादलेले असत. तिच्यासाठी ‘चालत नाही’ हेच शब्द आयुष्यभराचे होते. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून ज्या अन्यायावर आघात केला, त्यात ताटातला हा अन्यायही होता. मोलमजुरी करणाऱ्या घरात अन्न नसल्याचा दिवस आणि व्रताचा दिवस यांत फरक करणे अनेकदा कठीण होते, आणि ‘एकादशीच्या घरी शिवरात्र’ ही म्हण त्याच अनुभवाची आहे. फराळाची सुबत्ता पाहून म्हणीने केलेली थट्टा या घरांच्या बाजूने ऐकली, तर तिच्यातली धार अधिक जाणवते.

छापील पाकपुस्तकांनी ही मौखिक परंपरा लिहून ठेवण्यास हातभार लावला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाली. ओगले यांनी ग्रॅमऐवजी वाटी-चमच्याचे प्रमाण दिल्यामुळे स्वयंपाकघरातील अंदाजालाच छापील प्रतिष्ठा मिळाली. तरीही काय चालते हे ठरवण्याचा अधिकार पुस्तकाकडे गेला नाही, तो घरातच राहिला. हिरवी मिरची आणि ढोबळी मिरची या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. पहिली खिचडीत नसेल तर खिचडी अपुरी वाटते, आणि दुसरीला बहुतेक मराठी घरांच्या उपासात अद्याप प्रवेश मिळालेला नाही.