औषधाचे वजन आणि शिक्षेचे माप

प्रस्तुत टिपणाचा विषय खोकल्याच्या औषधाची एक लहानशी बाटली आहे. कोडीनयुक्त सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. तेच नशेसाठी चोरून विकलेही जाते. असा विक्रेता पकडला गेल्यास शिक्षा किती, याचे उत्तर चाळीस वर्षांत अनेकदा बदलले आहे.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. स्वतःच्या सेवनापुरता अल्प साठा वगळल्यास बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे सक्तमजुरी होती. पिशवी वाहणारा आणि माल पाठवणारा, दोघांना माप एकच! २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार शिक्षा आणली. कोडीनसाठी १० ग्रॅमपर्यंत ‘अल्प प्रमाण’, १ किलोहून अधिक ते ‘व्यापारी प्रमाण’.

पण वजन करायचे कशाचे? नुसत्या कोडीनचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मायकेल राज प्रकरणात सांगितले. संपूर्ण मिश्रणाचे, असे केंद्राच्या १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने ठरवले. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मिश्रणाचाच पक्ष कायम केला. (भाषेच्या शिक्षकाला नवल वाटावे, इतके एका शब्दाच्या अर्थावर येथे अवलंबून होते.)

हिशेब करून पाहू. ५ मिलिलिटर सिरपमध्ये १० मिलिग्रॅम कोडीन फॉस्फेट धरल्यास १०० मिलिलिटरच्या १० बाटल्यांत ते भरते २ ग्रॅम. म्हणजे अल्प प्रमाण. २०१४ पासून कमाल शिक्षा एक वर्ष. सिरपसकट तोलले तर वजन किलोपलीकडे जाते आणि किमान शिक्षा होते १० वर्षे. नुसते द्रव्य मोजले असते तर त्या पायरीवर पोहोचायला सुमारे ५,००० बाटल्या लागल्या असत्या.

याखेरीज तिसरी वाटही आहे. १९८५ च्याच अधिसूचनेने मर्यादित कोडीन असलेल्या औषधी सिरपला सूट दिली होती. त्यामुळे काही उच्च न्यायालयांनी अशा प्रकरणांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लावला. विनापरवाना विक्रीसाठी त्यात २००८ च्या दुरुस्तीनंतर साधारण ३ ते ५ वर्षे शिक्षा आहे. २०१२ मध्ये आसामच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वाहतुकीची कागदपत्रे नसतील तर ही सूट मागता येणार नाही, असे म्हटले. १० बाटल्यांच्या आरोपीला कलम ३७ मुळे जामीनही दुर्मिळ होतो. त्याचा मोठा काळ निकालाआधीच तुरुंगात जातो.

या मापाशेजारी दुसरे माप ठेवले पाहिजे. नवा कायदा येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते, तेव्हा १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोग बसला. भेसळयुक्त औषधाने मृत्यू घडवल्यास तेव्हा किमान शिक्षा ५ वर्षे होती; ती १० वर्षे झाली २००८ च्या दुरुस्तीने.

२०२५ मध्ये आपल्या शेजारी, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात, तेच विष ‘कोल्ड्रिफ’ सिरपमधून मुलांच्या पोटात गेले. तामिळनाडूच्या तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मूत्रपिंडे निकामी झालेली लेकरे नागपूरला नेली गेली. वीसहून अधिक दगावली. त्या सिरपच्या उत्पादकासाठी आणि १० बाटल्या बाळगणाऱ्या पोरासाठी कायद्याच्या पुस्तकात आज किमान आकडा एकच आहे : १० वर्षे.