बेने इस्राएलांच्या सणांची मराठी नावे

कोकणातील बेने इस्राएल तेलघाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत; म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नव्हते. हिब्रूपैकी 'शेमा' ही प्रार्थना तेवढी मुखी राहिली होती. यावरून त्यांचा धर्मबोध लोपला होता असा निष्कर्ष काढला जातो. भाषेचा पुरावा निराळा आहे.

योम किप्पुर या प्रायश्चित्तदिनास ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारे लावून घरातच उपवास करावयाचा. जेरुसलेमच्या मंदिरनाशाचा शोकदिन म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. कोकणी कडधान्य आणि फारसी शब्द एकाच नावात नांदतात! या नावांत तत्त्व सांगितलेले नाही, आचरण तेवढे सांगितले आहे. स्मरणात राहिले ते तेच.

पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापला गेला. अर्थ उमगू लागला, हा लाभ मोठाच. परंतु हिब्रू नावे रूढ होत गेली तशी 'दारफाळणी' मागे पडली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या इतिहासात ही नावे नोंदवून ठेवली. १८९७ मध्ये लिहिलेला तो ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो इंग्रजीत आहे.