खिळेदार टायर (मोटारसायकल)

बर्फावर पकड मिळावी म्हणून धातूचे खिळे बसवलेला टायर. स्वीडन, फिनलंड, रशिया व उत्तर अमेरिकेच्या थंड भागात प्रचलित. निवड पृष्ठभागावर अवलंबून असते. गोठलेल्या तळ्यावर पोलादी स्क्रू पुरतात, त्यांच्या डोक्याची कड बर्फ कापते. बर्फाखाली खडक असलेल्या वाटेवर ही कड बोथट होते, म्हणून तेथे टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे खिळे (पहा : टंगस्टन) वापरतात. खिळ्याच्या बुडाने ट्यूब फाटू नये यासाठी आत अस्तर घालतात. बर्फावरील स्पीडवे शर्यतीत (जागतिक अजिंक्यपद १९६६ पासून) खिळे सुमारे २८ मिमी. लांब असतात, वळणे केवळ डावीकडची असल्याने ते डाव्या अंगाला अधिक बसवतात. या गाड्यांना ब्रेक नसतात. (पहा : मोटारसायकल शर्यती).