उत्तेजित रेणूंचे व्युत्क्रमी विघटन : सैद्धांतिक प्रतिमानांची वाटचाल

प्रस्तावना :
रासायनिक गतिकी शिकविताना एकरेण्वीय विघटनाचा ऱ्हास घातांकी असतो, हे सूत्र आपण बहुधा अंतिम सत्य म्हणून सांगतो. उत्तेजित रेणूंच्या अभ्यासाने या सूत्राची मर्यादा स्पष्ट केली. प्रस्तुत लेखात या वैचारिक प्रवासाचा आढावा घेतला आहे.

दोन अवस्थांचे प्रतिमान :
काही रंगद्रव्यांचे अनुस्फुरण ज्या आम्लतेला बदलते, त्या आम्लतेला त्यांचे शोषण बदलत नाही, असे के. वेबर यांनी १९३१ मध्ये नोंदविले. त्याचा उलगडा थिओडोर फर्स्टर यांनी १९४९-५० च्या सुमारास केला : प्रकाश शोषताच रेणूची आम्लताच बदलते. २-नॅफ्थॉलचा पीकेए मूळ अवस्थेत सुमारे ९.५, तर उत्तेजित अवस्थेत सुमारे २.८ आहे. पुढे अल्बर्ट वेलर यांनी विघटन व पुनर्संयोग यांना एकेक वेगस्थिरांक देऊन गतिकी मांडली. या मांडणीत उत्तर दोन घातांकी पदांचे येते. विरल, उदासीन द्रावणात पुनर्संयोग नगण्य ठरून एकच पद उरते.

विसरणाचा विचार :
पिकोसेकंद लेसरमुळे ही मांडणी तपासता आली. एहुद पिनेस व डॅन हुपर्ट यांना १९८६ मध्ये पायरानिनच्या अनुस्फुरणात दीर्घकाळ रेंगाळणारे शेपूट आढळले. सुटलेला प्रोटॉन द्रावणात हरवत नाही. ऋणभारित आयनाच्या आकर्षणामुळे तो आपल्याच जोडीदाराकडे परततो. या परतीचा हिशेब करण्याची साधने स्मोलुकोव्हस्की (१९१७) आणि आयनांसाठी डेबाय (१९४२) यांच्या विसरण-सिद्धांतात होती. नोआम अ‍ॅगमॉन, पिनेस व हुपर्ट यांनी १९८८ मध्ये त्यांना व्युत्क्रमी सीमा-अट जोडली. रेणूच्या आयुर्मानाचा परिणाम वजा केल्यास दीर्घकालीन ऱ्हास घातांकी न राहता काळाच्या उणे ३/२ घाताप्रमाणे होतो. त्रिमितीय अवकाशात भटकणाऱ्या कणाच्या परतीचीच ही खूण होय.

मर्यादित अवकाश :
प्रोटॉनच्या भटकंतीवर ऱ्हास अवलंबून असेल, तर अवकाश आक्रसल्यावर तो बदलला पाहिजे. मायसेल, नॅफिऑन पटल यांसारख्या बंदिस्त माध्यमांतील प्रोटॉन-स्थानांतराचा अभ्यास मुंबईच्या आयआयटीत अनिंद्य दत्ता यांच्या गटाने केला आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब आहे.

समारोप :
वेलर यांचे प्रतिमान चुकीचे ठरले नाही. त्याचे क्षेत्र निश्चित झाले. मात्र अल्प कालावधीच्या नोंदींवर दोन घातांकी पदे सहज जुळतात आणि त्यांतून निघालेल्या वेगस्थिरांकांना भौतिक अर्थ उरेलच असे नाही. आलेख जुळणे म्हणजे यंत्रणा समजणे नव्हे, हा विवेक पदव्युत्तर वर्गात गतिकीच्या सूत्रांबरोबरच शिकविला जाणे आवश्यक आहे.