एका चाकूची उलटतपासणी

आमच्या घरात एक चाकू आहे. खिशात मावणारा, मिटायचा. लहानपणापासून ऐकत आलो की हा आज्याचा. आजा १९१७ साली १११ महार पलटणीत गेला आणि पलटण मोडली तेव्हा हा घेऊन घरी आला. बाप कोणालाही चाकू दाखवायचा तेव्हा त्याची मान ताठ व्हायची. गावकीत पिचलेल्या घरात ताठ मानेनं दाखवावं असं दुसरं होतंच काय?

यंदा वरणगावात आमच्या पोरांनी प्रदर्शन मांडायचं ठरवलं. आपले शिपाई, त्यांच्या वस्तू. पुतण्यानं चाकूची चिठ्ठी आधीच लिहून टाकली : '१११ महार पलटण, १९१७.' मी म्हटलं, थांब. आधी चाकूला विचारू.

माझा जन्म इथल्या आयुध कारखान्यात गेला. १९६४ सालचा कारखाना, बंदुकीची काडतुसं करणारा. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं. ठसा वाचायचं वेड मला तिथं लागलं. आता रिटायर झालो, कारखानाही १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपनीच्या नावानं चालतो, पण वेड गेलं नाही.

पात्याच्या बुडाशी काळं पुट चढलेलं होतं. पोरगा पॉलिशपेपर घेऊन आला. मी तो हिसकावून घेतला. जुनी वस्तू घासून चकचकीत करणं म्हणजे साक्षीदाराची जीभ छाटणं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, रात्रभर राहू दिलं, सकाळी सुती चिंधीनं हलकेच पुसलं. मग तिरप्या उन्हात भिंग धरलं. एक बाण. बाणाखाली इंग्रजी 'आय'. आणि साल : १९४३.

बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल. खाली 'आय' म्हणजे हिंदुस्थान सरकारचा. मुठीला चौकडीची काळी पट्टी, एक पातं, एक डबाफोडणी, पाठीमागं दाभणासारखा टोच्या. दुसऱ्या महायुद्धात शिपायांना असे चाकू मिळत. पहिल्या युद्धातले अंगानं मोठे असत. १११ महार पलटण जून १९१७ मध्ये उभी राहिली आणि मार्च १९२१ मध्ये मोडली. म्हणजे आज्यानं वर्दी उतरवल्यावर बावीस वर्षांनी हा चाकू बनला.

ठसा तरी खरा का? तेही पाहिलं. ठोकलेल्या ठशात लोखंड दबतं, अक्षराच्या कडेला किंचित उंचवटा येतो. पातं जितकं झिजलं तितकाच ठसाही झिजतो, आणि पात्यावरचा गंज खाचेतही तसाच बसतो. मागून कोरलेलं अक्षर गंज कापत जातं, तळाशी चमकतं. असा एक चाकू मी जुन्या बाजारात पाहिला आहे. पात्यावर पलटणीचं नाव, विकणारा म्हणाला, 'तुमच्या लोकांचाच आहे, म्हणून सांगतो.' अक्षरं कालची होती. आपल्या अभिमानाचाही बाजार भरू लागला आहे, पोरांनो, हे ध्यानात ठेवा. बिल्ले घेतानाही नीट पाहा. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढं त्याच्या जागी खंजीर आला. कोणी खंजिराचा बिल्ला दाखवून '१९४१ चा' म्हणाला तर खिशात हात घालू नका.

पुतण्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "काका, ते साल घासून टाकू. कोनाले समजनार हाये?"

खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं, घासावं. बापाची ताठ मान डोळ्यासमोर आली. मग राग आला, पोरावर नाही, स्वतःवर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी आपल्या लोकांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर लढाया मारल्या त्यांना लढाऊ नाहीत म्हणून हाकललं. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, १८९४ साली अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतच्या सरकारपर्यंत दाद मागितली. त्यांच्या हातात काय होतं? झालेल्या नोकरीचा आधार. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली नावं आहेत. दगडात आहेत म्हणून ती कोणाला पुसता आली नाहीत, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या दगडापुढं जाऊन उभे राहिले. पुढं १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. (तारीख कारखान्याचीच, योगायोग.) आपल्या एका चिठ्ठीवर खोटं साल सापडलं, की समोरचा बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडायला मोकळा.

मग चाकू घरात आला कुठून? नव्वदीतल्या आत्याकडं गेलो. ती हसायलाच लागली. "अरे, तो तं तुह्या आज्यानं भुसावळच्या बाजारातून आनला व्हता. कैऱ्या चिराले. मी संगं व्हती." लढाई संपल्यावर लष्कराचा उरलेला माल बाजारात आला, त्यातलाच हा असावा. सरकारी सामान तर शिपायाला जाताना परत करावं लागे, हे मला आधीच सुचायला हवं होतं. आजा पलटणीत होता का? आत्या म्हणते होता. त्याची पट्टे गुंडाळायची पद्धत तिला आठवते. कागद मात्र घरात एकही नाही. शोधतो आहे.

तुमच्याही घरात असं काही असेल. ते लोखंडी पेटीत कातडी म्यानात घालून ठेवू नका. कातडं ओल धरतं, त्यातल्या रसायनांनी लोखंड गंजतं, पितळेवर हिरवं चढतं. सुती कापडात ठेवा, पावसाळ्याआधी सांध्यात तेलाचा थेंब टाका. जुन्या सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू वेगळाच ठेवा. ती मूठ सडताना जी वाफ सोडते, तिनं शेजारचे चाकूही खातात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं काय सांगितलं ते तारीख घालून वहीत लिहा. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, त्यांचं टंकलेखन यंत्र आज पाहायला मिळतं, कारण कोणीतरी ते वेळेवर जपलं.

प्रदर्शनात चाकू ठेवला. नवी चिठ्ठी पुतण्यानंच लिहिली : 'लष्करी चाकू, १९४३. भुसावळच्या बाजारात घेतला, आत्याची साक्ष. घेणारा १११ महार पलटणीत होता असं घरचे सांगतात. कागद मिळालेला नाही.' त्याच्या शेजारी हातभर जागा मोकळी सोडली आहे. आत्या येऊन पाहून गेली. जाताना म्हणाली, प्रदर्शन झालं की चाकू मला दे, औंदा कैऱ्या मस्त आल्यात.